आभाळोबाची कात

२०४३ची दिवाळी झाली आणि मी गावी गेले ती देवाला भोक पाडायची परवानगी मागायला. माझे बाबा त्याच देवाचे गुरव. पुढे काय होणार हे कोणीही सांगितलं असतं, पण मला आपलं वाटत होतं की मी फार तयारीनिशी निघाले आहे. माझ्याकडे चौदा चित्रं होती, आणि पुण्यात वीस वर्षं राहून कमावलेला एक समजूतदार सूर होता, जो बाबांना मुळीच आवडत नाही.

आमचं मोहरखेड यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी. १९०९ सालच्या पौषात भर दुपारी तिथल्या ज्वारीच्या शेतात आभाळातून एक दगड पडला. आवाजानं गुरं उधळली. लोक भीत भीत गेले तर खड्ड्यात नारळाहून थोडा मोठा काळा गोळा, अजून कोमट. माझ्या खापरपणजोबांनी त्याच संध्याकाळी त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि आभाळोबा म्हणून बसवून टाकला. तेव्हापासून लेपाचा मान आमच्या घरात. दरवर्षी पौषात त्याच तिथीला एक लेप.

लेपावर लेप चढत जातात आणि देव घागरीएवढा होतो. मग तीस-चाळीस वर्षांनी कधीतरी ते सगळं कवच आपल्याच वजनानं तडकतं आणि निखळून पडतं. गावात म्हणतात, देवानं कात टाकली. त्या दिवशी चूल पेटत नाही. गाभाऱ्याला पडदा लागतो आणि आत फक्त गुरव. उघडा देव त्याच्याशिवाय कोणी पाहायचा नाही. तो नवा लेप देतो, पडलेली कात कापडात बांधून आणतो, आणि गाव ती वाजतगाजत नदीत सोडतं. शेवटची कात पडली २००६च्या वैशाखात. मी तेव्हा तीन वर्षांची होते आणि मला काहीही आठवत नाही.

मी शास्त्रज्ञ नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत कणवाचक नावाचं यंत्र आहे, ते मी चालवते. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण त्यात ठेवायचा. यंत्र त्या कणाचा एकेक अणुथर कांद्यासारखा सोलत जातं आणि प्रत्येक थरात कुठला अणू किती, ते मोजतं. मोजणीवरून कण कुठे जन्मला, कशात भाजला, कशात भिजला ते सांगतं. २०३६ साली ही यंत्रं आली आणि दोन वर्षांत जगातल्या संग्रहालयांमधल्या निम्म्या उल्का बाद झाल्या. काही पाण्यानं धुतलेल्या, काही हातांच्या घामानं खराब झालेल्या, काही तर चक्क कारखान्यातला मळ. चोरीच्या मूर्ती कुठल्या खाणीतल्या तेही कोर्टं आम्हाला विचारू लागली. या यंत्राला खोटं सांगता येत नाही, असं आम्ही पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

आता आभाळोबाच का, तर आमच्या डॉ. हेमांगी सबनीसांना एक विशिष्ट जातीचा दगड हवा होता. काळा, कोळशासारखा, मऊ. अशा उल्केत सूर्याहूनही जुने कण सापडतात. पण एक पावसाळा अंगावर घेतला की असा दगड चिखल होऊन जातो. आमच्या देवाला मात्र पडल्या दिवशीच शेंदूर लागलेला. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म. तेलात कालवून वाळलं की त्याचा असा काही पापुद्रा होतो की पाणी आत शिरत नाही. पूर्वी लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून हाच रंग देत. म्हणजे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला जमलं नाही ते आमच्या खापरपणजोबांनी भक्तीपोटी करून ठेवलं होतं. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

बाबा मात्र ऐकून घेऊन म्हणाले, "देवाले सुई टोचाची नाही."

"बाबा, दाभणाएवढं भोक. नंतर त्यातच शेंदूर भरायचा. कळणारही नाही."

"पुन्याची झाली तू. दाभण म्हनते अन् भोक पाडते."

"कारण तरी सांगा."

"कारन काय सांगू? नाही म्हनलं ना."

मला वाटलं, हट्ट. बहात्तर वर्षांचं वय, आई जाऊन सहा वर्षं झालेली, उरलंय काय तर हा देव आणि हा मान. मला दया आली आणि रागही आला. राग जास्त. मी सरळ सरपंचांकडे गेले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सरपंच शेवंताबाई डाखोरे माझ्या आईच्या वयाच्या, बोलणं तोडून टाकणारं. त्या म्हणाल्या, "हे पाह्य वृषाली, आमाले समजंन असं सांग. नाही तं जेवाले जा."

मी सांगितलं. आपल्या सूर्यासारखा तारा आयुष्यभर हायड्रोजन जाळून जगतो. पोटातलं सरपण संपत आलं की तो फुगतो, शंभरपट, दोनशेपट, आणि लालसर पडतो. आता त्याचं बाहेरचं अंग इतकं लांब गेलेलं असतं की त्याला ते नीट धरून ठेवता येत नाही. आत राहून राहून भडका उडतो, खोलवरचा कार्बन वर येतो, आणि तारा धापा टाकल्यासारखा कधी फुगतो, कधी आकसतो. प्रत्येक वेळी थोडा वायू बाहेर निसटतो. बाहेर गारवा असतो, म्हणून त्या वायूत काजळी धरते. कंदिलाच्या काचेवर धरते तशीच. ताऱ्याचा उजेड त्या काजळीला ढकलतो आणि काजळी वायूला ओढत नेते. असं करत करत हजारो वर्षांत तारा आपलं अर्ध्याहून जास्त अंग टाकून देतो.

"कात टाकते म्हन की," मागून कोणी तरी म्हणालं, आणि लोक हसले.

"हो, तसंच," मी म्हणाले. "शेवटी आतला पांढरा, तापलेला गाभा उघडा पडतो. त्याचे अतिनील किरण त्या टाकलेल्या वायूवर पडतात आणि ती कात उजळते. हिरवी, निळी, लाल." मी चित्रं दाखवली. बायकांनी माना पुढे केल्या. "याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी काही संबंध नाही. जुन्या दुर्बिणीतून तो ग्रहासारखा गोल दिसायचा म्हणून नाव पडलं, ते चिकटलं. वीसेक हजार वर्षं दिसतो आणि मग विरून जातो. पण काजळीचे कण उरतात. ते भटकत राहतात. अशाच कुठल्या कुठल्या ताऱ्यांच्या धुळीतून साडेचार अब्ज वर्षांपूर्वी आपला सूर्य झाला, पृथ्वी झाली. बहुतेक कण वितळून गेले. थोडे काही दगडांमध्ये जसेच्या तसे राहिले. आपल्या आभाळोबात ते असतील, असं आम्हाला वाटतं."

सभा बराच वेळ चालली. शेवटी होकार मिळाला, दोन अटींवर. भोक एकच. आणि जे काही निघेल ते पौषात लेपाच्या दिवशी, सगळंच्या सगळं, गावासमोर मराठीत वाचून दाखवायचं. देवाला काही इजा झाली असेल तर लेपाचा मान गुरवाच्या घरातून जाईल, हेही शेवंताबाईंनी बजावलं. त्यांनी ते बाबांकडे पाहून म्हटलं, कारण पोरगी त्यांची.

 सभा उठताना बाबांनी एकच विचारलं. "सुई किती आत जाईन?"

"सहा बोटं."

"तीन बोटं केली तं?"

"बाबा, तीन बोटं तर नुसता शेंदूरच आहे," मी हसून म्हणाले. "आत देव आहे ना, तिथपर्यंत जायला नको?"

ते वळून देवळाकडे निघाले.

मार्गशीर्षात मॅडम स्वतः आल्या. पंधरा मिनिटांचं काम. भोक पाडण्याआधी बाबांनी देवाची क्षमा मागितली आणि मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला ते जरा नाटकी वाटलं, हे मी कबूल करते.

पुण्यात नमुना यंत्रात गेला. लाल थर एकामागून एक मोजले गेले, वर्षाला एक असे सदतीस. त्यानंतर नखाच्या जाडीचा एक काळपट थर, ज्यापुढे यंत्रानं 'मळ' असं लिहिलं. आणि मग दगड.

मॅडमनी मला हाक मारली. त्यांचा आवाज फार हळू होता. "वृषाली, हा बेसॉल्ट आहे. आपल्या दख्खनचा काळा पाषाण. नदीत घासून गुळगुळीत झालेला."

"शक्य नाही."

"मी तीनदा पाहिलं."

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि बाबांना फोन लावला. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. मी नुसतं "बाबा" म्हणाले, आणि पलीकडून ते म्हणाले, "मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर बसले होते. बसच्या प्रवासानं धोतर चुरगळलेलं. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

"कात पडली त्या दिवशी मी एकटा आत होतो," त्यांनी सुरुवात केली. "बाहेर सारं गाव भजन म्हनून राह्यलं होतं. कातीची खोळ दोन्ही हातांनं उचलली, तं तिच्यासंगं देवबी आला. अर्धा खोळीत, अर्धा माया हातात. सुक्या ढेकळासारखा. दाबलं तं भुगा. डांबरासारखा वास सुटला."

"मग?"

"मंग काय? कातीत पाहाचं नाही, तशीच बांधून सोडाची, असा नेम. मी बांधली. देव तिच्यातच होता. देवळाच्या ओट्याच्या कामासाठी नदीचे दगड मांगच्या दारी पडून होते, त्यातला एक घेतला. तेवढाच गोल. शेंदूर लावला. पडदा उघडला. सारे पाया पडले." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "अन् मीच हातानं देव नदीत सोडून देल्ला."

मला त्यांच्याकडे पाहवेना. मी मूर्खासारखं विचारलं, "कुणाला सांगितलं नाही? आईला?"

"कोनाले सांगू? मान जाईन म्हनून भेलो पहिले. मंग वर्ष गेलं. मंग दुसरं. आता सांगाव म्हनलं, तं इतके दिस काहून नाही सांगितलं, त्याचं काय सांगाव?"

कँटीनमध्ये कोणी तरी ताटं आपटत होतं.  मग बाबा, जणू गुन्ह्यातला आणखी एक राहिलेला भाग सांगतोय अशा आवाजात म्हणाले, "देवाच्या बैठकीवर मूठभर काळा भुगा सांडला होता. तो झाडून कसा टाकू? देवच होता तो. म्हनून मी तो शेंदरात कालवला, अन् पहिला लेप त्याचाच देल्ला."

मी उभी राहिले.

खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या बापाचं दुःख दिसत नव्हतं. मला दिसत होता नखाच्या जाडीचा काळपट थर, ज्याला यंत्रानं मळ म्हटलं होतं. तेल, शिसं आणि वर सदतीस पापुद्रे यांच्या आत तो भुगा कोरडा ठणठणीत बसून होता.

"तुले आनंद झाला काय?" बाबांनी विचारलं. रागानं नाही, नुसतंच.

मला लाज वाटली. "हो," मी म्हणाले.

थर सोडवायला आणि वाचायला नऊ दिवस लागले. बाबा तोवर माझ्याकडेच राहिले. दिवसभर ते सोसायटीच्या बागेत बसत आणि संध्याकाळी फक्त विचारत, "झालं काय?" दहाव्या दिवशी मी त्यांना यंत्रापाशी घेऊन गेले. अठ्ठ्याऐंशी कण सापडले होते, आणि त्यांच्यातल्या कार्बनचं आणि सिलिकॉनचं प्रमाण आपल्या सूर्यमालेत कुठेच मिळत नाही असं होतं. त्यातला एक कण मी पडद्यावर लावला. वाटाण्यासारखा दिसत होता, खडबडीत.

"हा एका ताऱ्यानं टाकलेला आहे," मी म्हणाले. "सूर्याच्या दुपटीचा तारा. या कणाचे आतले थर सावकाश वाढलेत आणि बाहेरचे घाईत. म्हणजे अंग टाकायचा वेग वाढत चालला होता. हा कण सुटल्यावर हजारेक वर्षांत आतला गाभा उघडा पडला असणार."

"मंग त्या ताऱ्याचं काय झालं?"

"राखेखालच्या निखाऱ्यासारखा निवत गेला. त्याचा मेघ उजळला आणि विरला. पाहायला कोणीच नव्हतं. आपला सूर्यसुद्धा झाला नव्हता तेव्हा."

"अन् हे टाकलेलं इथं आलं."

"हो."

"माया हातानं कालवलं मी," ते म्हणाले. आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. माझ्या बाजूचे दोन तरुण तंत्रज्ञ हसू आवरत होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर निघून गेले.

मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं. शोधनिबंधात नमुन्याचा सगळा इतिहास लिहावा लागेल. दगड नदीचा, थर मिश्रणाचा, मिश्रण कोणी आणि कधी केलं ते सगळं. "पण तो इंग्रजीत," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या गावात तो कोणी उघडून वाचणार नाही. गावासाठीचा अहवाल तू लिही. त्यात काय असावं ते तूच ठरव. मी त्यात पडणार नाही."

मी अहवाल लिहिला. बावीस ओळी झाल्या. तेराव्या ओळीत लिहिलं होतं की मधला दगड आभाळातला नसून नदीतला आहे. ती ओळ मी दोन दिवस ठेवली आणि तिसऱ्या दिवशी खोडली. उरलेलं सगळं खरं होतं. आभाळोबाच्या अंगात सूर्याहून जुने कण सापडले, हे खरंच होतं. बाबांचा मान राहील, गावाचा देव राहील, आणि शास्त्राचं काही अडणार नाही. कोणाचं काय बिघडत होतं? बाबांनी अहवालाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पौषात लेपाच्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळं गाव जमलं. ऊन कोवळं होतं आणि बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. बाबा पायरीवर शेंदराची वाटी घेऊन उभे. मी वाचायला लागले. सुईचं सांगितलं, थरांचं सांगितलं, आणि बारावी ओळ संपवून चौदावीवर आले. अठ्ठ्याऐंशी कणांचा आकडा ऐकून एकदम कुजबुज झाली. एक म्हातारी उठून देवळाकडे तोंड करून नमस्कार करायला लागली. मी शेवटपर्यंत वाचलं. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात बाबा बोलले.

"एक ओळ राह्यली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, बसा ना."

"पोरीनं एक ओळ गाळली," ते लोकांना म्हणाले. "मायासाठी गाळली. मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. मला कँटीनमध्ये सांगितलं होतं त्याहून थोडक्यात, पण काही न वगळता. बोलताना आवाज एकदाच फुटला, नदीत सोडल्याचं सांगताना.  त्यांचं सांगून होताच एकदम गलका झाला. "फसवलं" असं कोणी ओरडलं. माझ्या वर्गातला गजानन, ज्याचं पोर तापानं फणफणलं तेव्हा त्यानं देवापुढे सात दिवस धरणं धरलं होतं, तो उठून आला आणि बाबांच्या अगदी जवळ उभा राहिला. मारतो की काय असं वाटलं. तो नुसता पाहत राहिला आणि मग रडायला लागला. चार-पाच बायका उठून घरी निघून गेल्या.

शेवंताबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"गुनवंतराव," त्या बाबांना म्हणाल्या, "सदतीस वर्षं आमी नदीच्या दगडाले पाया पडलो?"

"व्हय."

"अन् तुमी? तुमीबी पडले?"

"रोज. दोन टाइम."

"माहीत असून?"

"माहीत असून," बाबा म्हणाले. "तुमाले तं माहीत नव्हतं, बाई. मले माहीत होतं, अन् तरी पडलो. पहिले पहिले भेवानं. मंग खरंच."

 मग शेवंताबाईंनी दोघा-तिघा म्हाताऱ्यांशी हळू बोलून घेतलं. निर्णय झाला तो असा. दगड आहे तिथेच राहील, कारण देवाचा भुगा त्याच्याच अंगाला आहे. पण लेपाचा मान गुरवाच्या घरातून गेला. यापुढे दरवर्षी गावातलं एकेक घर पाळीनं लेप देईल.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्या तोंडून वीस वर्षांनी वऱ्हाडी निघाली. "अजी, एकशे चौतीस वर्षं आमच्या घरानं—"

"तू गप राहाय," बाबा म्हणाले. त्यांनी वाटी शेवंताबाईंच्या हातात दिली, देवाला वाकून नमस्कार केला आणि गर्दीतून वाट काढत निघाले. कोणी त्यांना अडवलं नाही. कोणी त्यांच्याशी बोललंही नाही.

मी धावतच त्यांना गाठलं. घरापर्यंतचा रस्ता रिकामा होता, सगळे देवळापाशीच होते. मला फार संताप आला होता.

"काय गरज होती?" मी म्हणाले. "सगळं नीट झालं होतं. यांना जन्मात कळलं नसतं."

"तुले तं कळलं होतं."

"मला कळलं तर काय झालं? मी कुणाला सांगणार होते?"

"तेच तं," ते म्हणाले आणि थांबले. "वृषा, आरतीले दोनशे मानसं राहेत अन् मी एकटा राहो. तुयी माय चाळीस वर्षं मायासंगं होती, तिच्याजवळबी एकटा. लपवली गोष्ट अशी राह्यते. मले वाटे हे मायासंगंच सरून जाईन. अन् आज तू थरांचं वाचलं अन् दगडाचं गाळून पुढं गेली, तं मले दिसलं, आता हे पोरगी एकटी झाली. आता हे जलमभर गावात येईन, कोनाच्या डोळ्याले डोळा देनार नाही."

"मी तुमच्यासाठी केलं, बाबा."

"माहीत हाय. मीबी देवासाठी नाही उठलो. तुयासाठी उठलो."

 इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. देवळाकडून पहिल्या लेपाची आरती ऐकू येत होती, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. बाबांनी ती थोडा वेळ ऐकली.

"चाल," ते म्हणाले, "भूक लागली मले."

घरी मी पिठलं केलं. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, आणि वाढताना माझं रडू काही केल्या थांबेना.